हा कुणाच्या वळणावर गेलाय?

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या बायका बाळाची वाटणी करून टाकतात. नाक वडिलांचं, कपाळ मामाचं, हनुवटीवरची खळी थेट पणजीची. तिथवर सगळं गोड असतं. पण बाळ सहा-आठ महिन्यांचं झालं की वाटणी नाकाडोळ्यांपाशी थांबत नाही. दुधाला उशीर झाला म्हणून त्याने टाहो फोडला की कुणीतरी म्हणतं, "तापट आहे हो, आजोबांवर गेलाय." नव्या माणसाकडे जायला तयार नसलं की, "आईसारखीच घुमी होणार ही." पुढची पंधरा-वीस वर्षं ते मूल हे वाक्य ऐकत राहतं, आणि ते बोलणाऱ्यांना आपण एवढं मोठं विधान केलंय याची कल्पनाही नसते.

गेली अठरा वर्षं मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे. समोर बसणारे पालक बहुधा दोनपैकी एक ओझं घेऊन आलेले असतात. कुणी म्हणतं, "रक्तातच आहे त्याच्या, आता काय होणार?" कुणी म्हणतं, "आमचेच संस्कार कुठेतरी कमी पडले." पहिल्या ओझ्याने हातपाय गळतात, दुसऱ्याने झोप उडते. ही दोन्ही ओझी उतरवता येतात असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी स्वभावात जनुकांचा वाटा म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट समजून घ्यावं लागतं. म्हणून आधी थोडं शास्त्र, मग घर.

हापूस कुणी कोयीपासून लावत नाही, कलम बांधतात. कोय लावली तर झाड कसं निघेल याचा भरवसा नसतो. कलमाची फांदी मात्र मूळ झाडाचीच जनुकं घेऊन वाढते. म्हणजे देवगडच्या कातळावरचा हापूस आणि देशावर कुणी हौसेने वाढवलेला हापूस ही एका अर्थी जुळी भावंडंच. तरीही फळ सारखं येत नाही. जांभ्याची माती, समुद्रावरून येणारा वारा, थंडी कधी पडली, मोहोर कधी आला, या सगळ्याची चव फळात उतरते. आणि त्याच कातळावर, कलमाच्या शेजारी उभा असलेला रायवळ कितीही खतपाणी केलं तरी हापूस होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. माणसाच्या बाबतीत मात्र आपण यातली एकच धरून बसतो.

माणसांमध्ये कलमाच्या जवळ जाणारी एकच गोष्ट निसर्गाने दिली आहे: एकाच बीजांडातून जन्मलेली एकसारखी जुळी. त्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांडांतून जन्मलेल्या जुळ्यांमध्ये मात्र साध्या सख्ख्या भावंडांइतकंच, म्हणजे सरासरी निम्मं साम्य असतं. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. मग एकसारख्या जुळ्यांचे स्वभाव दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा किती जास्त जुळतात हे मोजलं, की जनुकांच्या वाट्याचा अंदाज येतो. आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी जुळ्यांकडे पहिल्यांदा पाहिलं ते फ्रान्सिस गाल्टन यांनी, १८७५ मध्ये. त्यानंतर जगभर जुळ्यांचे हजारो अभ्यास झाले. २०१५ मध्ये टिंका पोल्डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नासेक वर्षांतले असे २,७४८ शोधनिबंध एकत्र करून तपासले. त्यात जुळ्यांच्या सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्यांची माहिती होती. उंचीपासून मनाच्या आजारांपर्यंत सगळे गुणधर्म धरून माणसामाणसांतल्या फरकांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला. निव्वळ स्वभावाचा विचार केला, म्हणजे माणूस मोकळा की अबोल, शिस्तीचा की विस्कळीत, काळजी करणारा की निवांत, तर हा वाटा बहुतेक अभ्यासांत ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास येतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा शोध घेतला. सुरुवात झाली ती जिम नावाच्या दोन भावांपासून. दोघांना वेगळ्या कुटुंबांनी दत्तक घेतलं होतं, दोन्ही कुटुंबांनी योगायोगाने नाव जिमच ठेवलं, आणि दोघांची भेट झाली ती वयाच्या ३९ व्या वर्षी. त्यांच्या आवडीनिवडी, सवयी किती जुळत होत्या याच्या सुरस कथा तेव्हा वर्तमानपत्रांनी छापल्या. मला त्यात योगायोगाचा भाग बराच दिसतो. पण शंभराहून अधिक जोड्या तपासल्यावर जे दिसलं ते योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे स्वभाव एकत्र वाढलेल्या जुळ्यांइतकेच जवळपास जुळत होते.

आता हा ४०-५० टक्क्यांचा आकडा. पालकांच्या सभेत तो सांगितला की हमखास कुणीतरी विचारतं, "म्हणजे माझ्या मुलाचा निम्मा राग माझ्याकडून आलाय का?" नाही. हा आकडा एका मुलाबद्दल काहीच सांगत नाही. तो खूप माणसांमधल्या फरकांबद्दल बोलतो. मी तो भाकरीवर समजावून सांगते. दहा जणींना एकाच गिरणीतलं, एकाच पोत्यातलं ज्वारीचं पीठ दिलं आणि प्रत्येकीने आपापल्या चुलीवर भाकरी केली, तर भाकऱ्यांमध्ये जो फरक दिसेल तो सगळा हाताचा आणि चुलीचा. उलट एकीलाच दहा प्रकारची पिठं दिली आणि तिने एकाच तव्यावर दहा भाकऱ्या केल्या, तर सगळा फरक पिठाचा. पण समोरच्या एका भाकरीत पीठ किती टक्के आणि हात किती टक्के, असं कुणी विचारलं तर त्याला उत्तरच नाही. पिठाशिवाय भाकरी नाही आणि हाताशिवायही नाही.

"आनुवंशिक म्हणजे बदलणार नाही" हा समज तर मुळातच चुकीचा आहे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या समाजात उंचीतल्या फरकांमध्ये जनुकांचा वाटा ८० टक्क्यांच्या घरात जातो. तरीही १८९६ मध्ये जन्मलेल्या कोरियन मुलींपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियातल्या मुली मोठेपणी सरासरी वीस सेंटिमीटर उंच भरल्या. शंभर वर्षांत त्या लोकांची जनुकं काही बदलली नाहीत. बदललं ते ताटातलं अन्न आणि बालपणातलं आरोग्य.

आणखी एक गोष्ट, जी मी आता प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत सांगते. पोटच्या मुलांचे स्वभावसुद्धा आई-वडिलांशी फारसे जुळत नाहीत. थोडं साम्य असतं, पण आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच कमी. कारण सरळ आहे. स्वभावाचं असं एक जनुक नाही. हजारो ठिकाणचे बारीकबारीक फरक मिळून एखादा कल तयार होतो. त्यातले निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून येतात, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणून "बापावर गेलाय" हे वाक्य नाकाबद्दल जितक्या खात्रीने म्हणता येतं तितक्या खात्रीने रागाबद्दल म्हणता येत नाही.

मग उरलेला अर्धा वाटा घरातल्या संस्कारांचा, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं, आणि खरं काय ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते मला झोंबलं होतं. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी एक प्रश्न विचारला: एकाच घरातली भावंडं एकमेकांपेक्षा इतकी वेगळी का असतात? तोवरच्या अभ्यासांतून दिसत होतं की एकाच घरात वाढल्यामुळे भावंडांच्या स्वभावात जे साम्य यायला हवं, ते जवळजवळ येतच नाही. त्यांच्यात जे साम्य असतं ते बहुतांशी जनुकांचं. परिस्थितीचा वाटा मोठा आहेच, पण ती परिस्थिती प्रत्येक मुलाची स्वतंत्र असते.

थोडा विचार केला तर हे पटतं. पहिलं मूल झालं तेव्हा आई-वडील पंचविशीत होते, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते, आजी घरात होती. दुसरं झालं तेव्हा स्वतःचा फ्लॅट होता, त्याचा हप्ता होता, आजी गेलेली होती आणि बाबा रात्री नऊला घरी यायचे. एकाला चौथीत जीव लावणाऱ्या बाई मिळाल्या, दुसऱ्याला वर्गात चिडवणारी टोळी मिळाली. एकाच आडनावाच्या पाटीमागे ही दोन वेगळी घरं होती. शिवाय आईने दोघांना एकच वाक्य एकाच आवाजात सुनावलं तरी एक ते विसरून खेळायला पळतो आणि दुसरा ते उशाखाली घेऊन झोपतो.

ज्युडिथ रिच हॅरिस या अमेरिकन लेखिकेने १९९८ मध्ये यावरून असं ठासून मांडलं की मुलांचं व्यक्तिमत्त्व घरापेक्षा सवंगड्यांच्या गटात जास्त घडतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपण फार आधीपासून म्हणत आलो आहोत. हॅरिसबाईंनी पालकांचा वाटा जरा जास्तच कमी केला असं माझं मत आहे. पण मुलाच्या प्रत्येक उणिवेसाठी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची जी सवय समाजाला लागली होती, तिला त्यांनी धक्का दिला. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

याचा अर्थ पालकांनी हात झटकावेत असा कुणी काढला तर मात्र मी त्याला रोमेनियाची गोष्ट सांगते. १९८९ मध्ये तिथली चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि अनाथालयांत कोंबलेली हजारो मुलं जगाला दिसली. त्यांना कसंबसं खायला मिळत होतं, पण उचलून घेणारं, बोलणारं, हाक मारणारं हक्काचं माणूस नव्हतं. पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीनाह यांनी बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्या मुलांची निवड करून त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि जी वयाच्या दोन वर्षांच्या आत गेली ती आपुलकीचं नातं जोडण्यात जास्त चांगली सावरली. मायेचं माणूस मिळणं ही पायाची गरज आहे. तो पाया असेल तर त्यावरची बांधणी कशी होईल हे एकट्या पालकाच्या हातात राहत नाही. पण पाया मात्र मोठ्या माणसांनीच घालायचा असतो.

आता घरात काय करायचं ते.

सुरुवात बघण्यापासून करा. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की अगदी पहिल्या महिन्यांपासून मुलं वेगळी असतात. साधारण ४० टक्के मुलं सांभाळायला सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी, आणि उरलेली सरमिसळ. ज्या नऊ गोष्टी ते पाहत, त्यांतल्या पाच-सहा तुम्हीही पाहू शकता. एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस, रोज रात्री दोनच ओळी लिहा. भूक आणि झोप ठरल्या वेळी येते का? नवं माणूस, नवी जागा, नवी भाजी समोर आली की मूल पुढे जातं की मागे सरतं? मागे सरलं तर किती वेळाने रुळतं? आवाज, गर्दी, कपड्यांची टोचणी किती जाणवते? आनंद आणि राग किती जोरात बाहेर पडतो? एखादी गोष्ट जमली नाही तर किती वेळ चिकटून बसतं?

वहीत "हट्टी", "भित्रा", "आळशी" हे शब्द लिहायचे नाहीत. काय घडलं तेवढंच लिहायचं. "लग्नात वीस मिनिटं माझ्या पदरामागे होता, मग चुलतभावाबरोबर खेळला" असं लिहिलं की त्यात उपाय दिसतो. "भित्रा आहे" असं लिहिलं की शिक्का तेवढा उरतो. पंधरा दिवसांनी वही घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला वाचायला द्या. एक तर बहुतेक वेळा त्यांच्या डोळ्यांना दुसरंच मूल दिसलेलं असतं. दुसरं असं की, वाचताना आपला स्वतःचा स्वभावही त्यात दिसू लागतो. कारण कोणतं वागणं आपल्याला खटकलं हे आपल्याबद्दलही सांगतं.

थॉमस आणि चेस यांचा सगळ्यात मोलाचा विचार होता तो जुळणीचा. कोणताही स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. मुलाचा स्वभाव आणि त्याच्याकडून होणारी अपेक्षा यांचा मेळ बसला की मूल फुलतं, बसला नाही की अडचणी सुरू होतात. सतत पळणारं मूल एका खोलीच्या घरात वांड ठरतं, तेच आजोळच्या अंगणात चपळ ठरतं. म्हणून मूल बदलण्याआधी जुळणी कुठे बिघडते ते शोधा. रोज संध्याकाळी सातला अभ्यासावरून भांडण होत असेल, तर सहा ते सात त्याला मैदानावर सोडून पाहा. ही पळवाट नाही. मातीचा पोत बघून पीक घेतो तसंच आहे हे.

लाजाळू, बुजरी मुलं हा माझ्या जवळचा विषय आहे, कारण त्यात मी स्वतः चुकले आहे. माझी थोरली मुलगी पहिलीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तिला आग्रहाने उभं केलं. पडद्यामागे तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. रंगमंचावर ती एक शब्द बोलली नाही. घरी येताना रिक्षात मी तिला बोलले. त्या रिक्षातलं तिचं गप्प बसणं अजून माझ्या मनात आहे.

हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांना रंगीत हलती खेळणी दाखवून, अनोळखी आवाज ऐकवून पाहिलं. साधारण पाचातलं एक बाळ त्याने हातपाय झाडून, पाठ ताणून रडायला लागायचं. ही बाळं पुढे बुजरी, सावध होण्याची शक्यता जास्त होती. पण त्यांच्यातली बरीच पुढे अति भित्री राहिली नाहीत. त्याच वेळी, त्यांतली क्वचितच कुणी अगदी बिनधास्त, गाजवणारी झाली. मला हे निरीक्षण फार उपयोगी वाटतं. जनुकं एक पट्टा आखून देतात. त्या पट्ट्यात मूल कुठे उभं राहील यावर घराचा प्रभाव पडतो. केगन यांच्या गटाला असंही दिसलं की सावध बाळांना प्रत्येक गोष्टीपासून जपणाऱ्या आयांपेक्षा, प्रेमाने पण ठामपणे थोडं थोडं पुढे सरकवणाऱ्या आयांच्या मुलांची भीती जास्त कमी झाली.

म्हणून बुजऱ्या मुलाला समारंभाला नेताना सगळे जमायच्या आधी पोहोचा. रिकाम्या हॉलमध्ये त्याला फिरू द्या. कोण कोण येणार ते आधी सांगा. "काकांना गाणं म्हणून दाखव" हे वाक्य घरातून हद्दपार करा. पण "नको वाटतंय ना, मग जाऊच नको" हेही म्हणू नका. दुकानात सुटे पैसे त्याला द्यायला लावा, पुढच्या महिन्यात वस्तू मागायला लावा. भीती वाटणं हे त्याच्या हातात नाही. भीती वाटत असताना एक पाऊल टाकणं शिकवता येतं.

तापट, उसळत्या मुलांच्या घरात वेगळंच चक्र फिरत असतं. सँड्रा स्कार आणि कॅथलीन मॅकार्टनी यांनी १९८३ मध्ये मांडलं की जनुकं आणि परिस्थिती एकमेकांपासून सुट्या नसतात. आई-वडील मुलाला जनुकंही देतात आणि घरही देतात. मुलाचा स्वभाव समोरच्यांकडून विशिष्ट प्रतिसाद ओढून घेतो. हसऱ्या बाळाला सगळे उचलतात, किरकिऱ्याला कमी. आणि वय वाढलं की मूल आपल्या स्वभावाला मानवेल अशी संगत स्वतःच शोधतं. आता चित्र पाहा. वडिलांचा पारा लवकर चढतो. मुलाला त्यातलं थोडं मिळालंय. मुलगा ओरडतो, वडील त्याच्याहून वरच्या पट्टीत ओरडतात, मुलगा वस्तू फेकतो, वडील हात उगारतात. बघणारी आत्या म्हणते, "रक्त आहे ते, दुसरं काय." रक्ताने सुरुवातीची ठिणगी दिली असेल. वणवा मात्र रोजच्या वागण्याने पेटत ठेवलेला असतो, आणि त्यातलं निम्मं वागणं मोठ्या माणसाच्या ताब्यात असतं.

हे चक्र तोडायचं तर मोठ्या माणसाने आधी आवाज खाली आणायचा. मूल रागाच्या भरात असताना उपदेश करायचा नाही, तेव्हा काही आत जातच नाही. नियम दोन-तीनच ठेवायचे, पण ते रोज तेच ठेवायचे. आणि दिवसातून एकदा तरी त्या मुलाला असा प्रसंग द्यायचा, ज्यात त्याचा जोर कामी येईल: पाण्याची पिंपं हलवणं, सायकलवरून दळण आणणं, ढोल-ताशाच्या सरावाला जाणं.

भावंडांबद्दल एकच सांगते. "ताईकडे बघ जरा" हे वाक्य दोघांनाही बांधून टाकतं. ताई शहाणी राहायला बांधली जाते, धाकटा तिच्यापेक्षा वेगळं काहीतरी व्हायला.

आता थोडं कडक बोलायचं आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव, बुद्धी, योग्य शाखा सांगणाऱ्या चाचण्या गावोगावी शाळांत आणि शिकवण्यांत विकल्या जातात. डीएमआयटी या नावाने त्या ओळखल्या जातात. हजारो रुपये देऊन रंगीत अहवाल मिळतो. यात शास्त्र नाही. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसं जाहीरपणे सांगितलं आहे. साधा विचार करा: एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच असतात, स्वभाव बरेच जुळतात, पण बोटांचे ठसे वेगळे असतात. मग ठशांवरून स्वभाव कसा वाचणार? लाळेच्या नमुन्यावरून मुलातली प्रतिभा किंवा स्वभाव सांगणाऱ्या जनुकचाचण्यांवरही इतक्यात विश्वास ठेवू नका. १९९६ मध्ये एका जनुकाचा संबंध नावीन्याच्या ओढीशी जोडला गेला तेव्हा मोठा गाजावाजा झाला होता. पुढच्या पडताळण्यांत तो टिकला नाही. हजारो बारीक फरकांच्या खेळात एका मुलाबद्दल भाकीत करणं आजही शक्य नाही. त्या पैशांत मुलाला आठ दिवस गावी पाठवा आणि तुम्ही वही घेऊन बघत बसा.

गर्भसंस्कारांबद्दलही विचारणा होते. गर्भारपणात आईला पोटभर सकस अन्न, झोप, औषधोपचार आणि घरात शांतता मिळणं फार गरजेचं आहे, आणि ते देणं हे सासर-माहेरचं कर्तव्य आहे. एखादा मंत्र किंवा संगीत ऐकून आईला बरं वाटत असेल तर तिने जरूर ऐकावं. पण त्यातून बाळाचा स्वभाव निवडता येईल अशी आशा लावून कुणी पैसे मागत असेल तर ते देऊ नका.

दत्तक पालकांना मी थोडा जास्त वेळ देते. त्यांचा प्रश्न बहुधा शेवटी, उठता उठता येतो: "कुणाचं रक्त असेल, मोठेपणी काय निघेल?" त्यांना मी सांगते की हा प्रश्न पोटच्या मुलांच्या पालकांनीही विचारायला हवा, कारण पत्ते तिथेही पिसलेलेच असतात. दत्तक मूल स्वभावाने तुमच्यासारखं नसेल, हे आधीच मान्य करा. तुम्ही दोघं शांत आणि मूल वादळी, असं होऊ शकतं. पण भाषा, सवयी, माणसांवरचा विश्वास, आपलं कुणीतरी आहे ही खात्री, हे सगळं तुमच्या घरातून त्याला मिळणार आहे. मूल घरी आणताना मिळालेला वैद्यकीय अहवाल जपून ठेवा, आणि वयात आलेल्या मुलाने आपल्या मुळाबद्दल विचारलं तर खरं सांगा. नातेवाइकांपैकी कुणी त्याच्या वागण्याचा संबंध "रक्ताशी" जोडला तर तिथल्या तिथे, मुलासमोर थांबवा.

घराण्यात गंभीर मनोविकार असेल तर काळजी वाटणं साहजिक आहे. इथेही आकडा धीर देतो. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे शंभरात एकाच्या आसपास लोकांना होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास जाते. म्हणजे नव्वद मुलांना तो होत नाही. धोका वाढतो हे खरं, म्हणून किशोरवयात झोप उडणं, एकलकोंडेपणा एकदम वाढणं, संशय घेणं असं काही दिसलं तर लपवू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पटकन बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि मोठ्यांचं काय? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून आपण स्वतःला सोडून देतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या ९२ अभ्यासांचा एकत्र विचार केला. विशी ते चाळिशीच्या काळात बहुतेक माणसं अधिक जबाबदार आणि मनाने अधिक स्थिर होतात असं त्यांना दिसलं. नोकरी, लग्न, मूल ही नवी नाती माणसाला हळूहळू वळवत असावीत. आणखी एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी पंधरा आठवडे दर आठवड्याला स्वभाव बदलण्यासाठी छोटी छोटी कामं घेतली. ज्यांनी ती खरोखर केली त्यांच्यात फरक दिसला. ज्यांनी नुसतीच निवडली त्यांच्यात दिसला नाही. म्हणून "मी आता शांत होणार" असा नुसता संकल्प करू नका. "आवाज चढला की उठून बाहेर जाणार" असं एकच काम ठरवा.

हे वाक्य एका वडिलांचंच आहे. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील देत नाही. त्यांचे वडील तापट होते, ते तापट होते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला शाळेतून मारामारीच्या तक्रारी येत होत्या. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "तीन पिढ्यांचं आहे मॅडम, जाणार नाही." आम्ही एवढंच ठरवलं की राग चढतोय असं वाटलं की ते तांब्याभर पाणी घेऊन ओट्यावर जातील, पाणी संपेपर्यंत आत येणार नाहीत, आणि आल्यावर मुलाला सांगतील की मला राग आला होता म्हणून मी बाहेर गेलो. पहिल्या महिन्यात ते तीन-चारदाच जमलं. घरातले हसले. त्यांनी सोडलं नाही.

पाच-सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी धाकट्या बहिणीने मुलाचं चित्र फाडलं होतं. मुलाच्या मुठी आवळल्या, चेहरा लाल झाला. तो स्वयंपाकघरात गेला, तांब्या भरून घेतला आणि ओट्यावर जाऊन बसला. वडील दारातून बघत होते. त्याने सगळं पाणी संपवलं, मग आत येऊन म्हणाला, "बाबा, मला खूप राग आला होता."